बाळंतिणीच्या घरातलं बाकीच्यांचं जेवण

एप्रिलातली दुपार होती. त्या वेळी सोलापुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, तरी मुद्दाम तीच वेळ साधून रिक्षानं जुळे सोलापूर भागात धाकट्या दिरांकडे गेले. सकाळी गेलं तर बाळाची अंघोळ, मालिश, शेक, धुरी यात आपली लुडबूड होते आणि संध्याकाळी पाहुण्यांची रीघ. पुतणी पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आलेली. बाळ झोपलेलं, तीही झोपलेली. खोलीभर ओवा आणि बाळंतशोपांच्या धुराचा वास, खिडकीला ओला टॉवेल, कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलेलं. पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, तर जाऊ ओट्याला टेकून उभी. हातात वाटी, वाटीत निवलेला चहा आणि त्यात मोडून टाकलेली कडक भाकरी. तीन वाजून गेले होते. "अगं, जेवली नाहीस?" म्हटलं तर म्हणाली, "जेवतेच आहे की अक्का," आणि वाटी हळूच मिक्सरच्या मागे सरकवली. ओट्यावर अळिवाची खीर झाकलेली, कढईत शेपूची भाजी, लहान कुकरमध्ये मऊ भात, एका गॅसवर खारकेचं दूध. घरात अन्न नव्हतं असं मुळीच नाही. सगळं बाळंतिणीचं होतं, आणि बाळंतिणीच्या ताटातलं काही उचलून तोंडात टाकायचं तिच्या मनातही आलं नसणार.

घरी येऊन मी ती वाटी विसरू शकले नाही. खरं तर विशेष काय त्यात? चहाभाकरी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे, आवडीनं खाल्ली आहे. पण ती वाटी मागे का सरकवली? बाळ बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. झबली-टोपडी येतात, दुपटी येतात, पेढे येतात, बाळंतविड्यात खारीक, खोबरं, डिंक, गोडंबी येते. बाळाचं झालं, बाळंतिणीचं झालं. त्या घरात आणखी चार माणसं राहतात आणि त्यांनाही दोन वेळा भूक लागते, हे कुणाच्या पिशवीत नसतं. दिरांना बिनातेलाचं लागतं, आत्याबाईंना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, दात नसल्यानं सगळं मऊ, पुतण्याला परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला भूक लागते, आणि शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं जावई उतरतात तेव्हा जावयाचं म्हणून वेगळं. शिवाय येणाऱ्या प्रत्येकाला चहा आणि 'थांबा की, जेवूनच जा'. हे सगळं एकटी जाऊ करत होती, आणि रात्री दर दोन-अडीच तासांनी बाळ उठलं की तीही उठत होती.

माझं पहिलं बाळंतपण गिरणीच्या चाळीत झालं. वडील मिलमध्ये, पाळी बदलली की घराचं घड्याळ बदलायचं, भोंग्यावर कुकर चढायचा आणि भोंग्यावर उतरायचा. आतली अंधारी खोली मला दिलेली. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा-वावडिंगाची धुरी, डोळे चुरचुरायचे पण सांगायची सोय नव्हती. सकाळी तुपातली ज्वारीच्या कण्यांची पेज, दहाला डिंकाचा लाडू, दुपारी बाजरीची भाकरी आणि भरपूर लसूण घातलेली शेपूची किंवा मेथीची भाजी, चारला अळिवाची खीर, रात्री मुगाचं वरण आणि मऊ भात, झोपताना खसखस घातलेलं दूध. प्रत्येक वस्तू त्या वेळी केलेली, वाफाळती. सकाळची भाजी रात्री माझ्या ताटात कधी आली नाही. त्यासाठी आई चुलीपुढून किती वेळा उठली असेल आणि किती वेळा पुन्हा बसली असेल, याचा हिशेब तेव्हा कुणीच ठेवला नाही.

तिनं मला काय काय खाऊ घातलं ते सगळं आठवतं. ती स्वतः काय आणि कधी खायची, ते काही केल्या आठवत नाही.

बाळंतिणीचं ताट वाढवायला हवं यात दुमत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब सांगतो की अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात. म्हणजे भाकरी-भाजीचं एक जास्तीचं जेवणच. आपल्या बायकांनी हे कोष्टक न बघता लाडवांत बसवलं, हे त्यांचं शहाणपण. पण त्या शहाणपणात एक गृहीत धरलेली बाई असते. बाळंतिणीची आई, नाहीतर सासू, नाहीतर थोरली जाऊ. ताजं, गरम, वेळेवर हे तीनही शब्द तिच्या कंबरेवर उभे असतात. पूर्वी घरात चार बायका असायच्या तेव्हा ते खपून गेलं असेल. आता जुळे सोलापुरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकच असते, आणि तीही शाळेतून रजा काढून आलेली.

पुतणीची एक मैत्रीण अमेरिकेत असते. तिच्या बाळंतपणाच्या गोष्टी पुतणीनं फोनवर ऐकलेल्या. तिकडे म्हणे दिवस भरत आले की बाई स्वतःच फ्रीजर भरून ठेवते. सुपं, लझानिया, शिजवलेल्या बीन्स, सगळ्यावर तारखा टाकून. आणि बाळ झालं की ऑफिसातले, चर्चमधले, शेजारचे लोक पाळी लावून एकेक दिवसाचं जेवण दारात ठेवून जातात. दार वाजवायचं, डबा द्यायचा आणि बाळ बघायला आत न घुसता निघून जायचं. हे शेवटचं मला फार आवडलं. आपल्याकडे डबा द्यायला आलेला माणूस तासभर बसतो, बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवतो आणि चहा पिऊन जातो. पुतणी हसत म्हणाली, "मोठी आई, इथं कुणी फ्रीजरमधलं दिलं ना, तर आज्जी ते पिशवीसकट गच्चीवरून टाकेल." आज्जी म्हणजे आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडली आहे आणि घरातल्या अन्नावर अजून त्यांचंच राज्य चालतं.

पण मला राहून राहून वाटत होतं की साठवणीच्या अन्नाचं वावडं निदान सोलापूरकरानं तरी सांगू नये. आपलं सगळं नाव साठवणीवर चालतं. कडक भाकरी म्हणजे काय? मालदांडी ज्वारीच्या पिठाची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातला ओलावा पुरता निघून जाईपर्यंत कडक करायची. अशी भाकरी महिना-दोन महिने डब्यात राहते, पुण्या-मुंबईलाच काय, परदेशातही जाते. शेंगाचटणी तशीच. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी कितीतरी दिवस खा. शेजारच्या लिंगायत अक्कांकडून बारशाला शेंगापोळ्यांची चळत आली ती आठवडा पुरली, आणि कुणी तिला शिळी म्हटलं नाही. डिंकाचे लाडू तरी काय आहेत? डिंक तळून फुलवलेला, खोबरं वाळलेलं, खारीक वाळलेली, तूप आणि गूळ. पाण्याचा थेंब नाही म्हणून टिकतात. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पाणी काढून टाकून जगायची विद्या आम्हाला कुणी शिकवायला नको.

फ्रीजर दुसऱ्या वाटेनं तेच करतो. पाणी काढत नाही, जागच्या जागी गोठवतो. वजा 18 अंशांना अन्न नासवणारे जंतू मरत नाहीत, पण वाढायचे थांबतात, कारण त्यांना वापरता येईल असं पाणीच उरत नाही. यात एक खोच आहे, आणि ती क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसाला आताच्या कॅनडातल्या लॅब्राडोरच्या बर्फात कळली. 1912 नंतर काही वर्षं तो तिथं राहिला. तिथले इन्युइट लोक भर थंडीत मासे पकडायचे, ते बाहेर काढताक्षणी गोठायचे आणि कित्येक महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागायचे. पटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. सावकाश गोठलं की ते मोठे आणि काचेच्या तुकड्यांसारखे टोकदार होतात, पदार्थाच्या पेशी फाडतात, आणि बाहेर काढल्यावर भाजीचा लगदा होऊन पाणी सुटतं. म्हणून मोठा डबा भरून फ्रीजरमध्ये ढकलणं हा सगळ्यात वाईट प्रकार. पातळ, सपाट पाकिटं करायची, बोटभर जाडीची, आणि आडवी ठेवून गोठवायची. गोठल्यावर पुस्तकं लावतो तशी उभी लावता येतात. पाकीट गच्च भरायचं नाही, कारण पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं.

मुलगा बंगळूरला गेल्यापासून माझा दोन दारांचा फ्रीज वरच्या कप्प्यात मटार आणि एक आइस्क्रीमचा डबा सांभाळत बसलेला. एका रविवारी पहाटेच ओट्याशी उभी राहिले. ऊन चढायच्या आत गॅस बंद करायचा होता. सगळ्यात आधी तूरडाळ. घट्टच शिजवली, हळद-हिंग-मीठ घालून घोटली आणि फोडणी न देताच थांबले. हे मी मुद्दाम सांगते, कारण गोठवलेल्या अन्नाची सगळी बदनामी फोडणीनं होते. लसूण, लवंग, मिरी फ्रीजरमध्ये राहून उग्र आणि कडवट होतात. शिवाय आपल्या घरात 'ताजं' म्हणजे मुळात तडतडलेल्या मोहरीचा आणि कढीपत्त्याचा वास. तो त्या दिवशी उठला की वरण त्या दिवसाचं होतं. तेव्हा डाळ गोठवायची, फोडणी ताजी. घट्ट डाळ जागाही कमी घेते, आयत्या वेळी उकळतं पाणी घालून हवी तेवढी सैल करता येते.

मग मटकीची उसळ, दाणा बोटचेपा व्हायच्या थोडं आधीच उतरवलेली, म्हणजे पुन्हा उकळल्यावर पीठ होत नाही. आत्याबाईंसाठी हुलग्याची शेंगोळी. कच्चीच वळून ताटात सुटी सुटी गोठवली आणि मग पिशवीत भरली. उकळत्या लसणीच्या पाण्यात तशीच सोडली की झालं काम, आणि त्यांना चावायचा त्रास नाही. कोथिंबीर वडीचे उंडे उकडून, कापून ठेवले. रात्री अकराच्या भुकेला तव्यावर चार वड्या परतायला पुतण्याला आईला उठवायचं कारण नाही. भाजणीची थालीपीठं अर्धी भाजून, मध्ये बटर पेपर घालून. पोळ्याही तशाच, डाग न पडू देता अर्ध्या भाजलेल्या, पूर्ण निवल्यावर रचलेल्या. त्या वितळवत बसायचं नाही, सरळ तापल्या तव्यावर टाकायच्या. भरल्या वांग्यांचा फक्त मसाला केला. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, चिंच-गूळ आणि आपलं काळं तिखट, मुठीएवढे गोळे करून. वांगी आपल्याकडे बारा महिने ताजी मिळतात, ती कशाला गोठवायची?

बटाटा मात्र कशातही घातला नाही. गोठला की तो रवाळ होतो आणि तोंडात विचित्र लागतो. दह्याताकाचं काही नाही, ते फाटतं. भात नाही. शिजवलेल्या भातात एका जंतूचे बीजाणू जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की ते जोर करतात. झटपट थंड केला तर भातही गोठवता येतो, पण सोलापूरच्या एप्रिलात 'झटपट थंड' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ज्वारीची भाकरी नाही. तिच्यात गव्हाचा चिकटपणा नाही, गोठवून तापवली की चिरा पडतात. भाकरी टिकवायची आपली रीत आपल्याला माहीत आहे, तिथं फ्रीजरनं शहाणपणा करू नये.

बाळंतिणीसाठी म्हणून एकच गोष्ट त्यात होती, अळिवाचे लाडू. ओल्या नारळाचे असल्यामुळे उन्हाळ्यात ते बाहेर टिकत नाहीत, आणि म्हणून घरोघरी एकदम थोडेच होतात व करणारी दर तिसऱ्या दिवशी नारळ खोवत बसते. गोठवले की रोज रात्री दोन काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायचे, सकाळी तयार. एवढ्या एका गोष्टीनं जावेच्या मागची खोवणी सुटली, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपातलं हे एकच काम निर्विवाद फायद्याचं.

खरी परीक्षा स्वयंपाकाची नव्हती, निववण्याची होती. पुस्तकी नियम सांगतो की शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड व्हायला हवं, आणि हवाच 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात. सोलापूर एप्रिलात सकाळी अकरालाच बत्तिशी ओलांडतं, दुपारी चाळिशीच्या पुढे जातं. बत्तीस अंशांची उबदार दुपार ज्यांना उन्हाळा वाटते त्यांनी तो नियम केलेला असणार. आमची आई दूध तापवलं की पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची, तेच केलं. माठातलं पाणी परातीत, त्यात फ्रीजचा सगळा बर्फ, वर डाळीचं पातेलं, आणि डावानं ढवळत पंख्याखाली उभी. उसळ मोठ्या ताटांत पातळ पसरली. घरातली सगळी ताटं, पराती, इडलीचं भांडंसुद्धा कामाला लागलं. आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "लग्न आहे का कुणाचं?" मी त्यांच्या हातात डाव दिला. ढवळलं त्यांनी, पण पेपरचं पान उलटायला मध्ये मध्ये थांबले.

पाकिटांवर मोठ्या अक्षरांत नाव, तारीख आणि 'उकळून घेणे' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून आणलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात सगळं रचलं आणि वरून जुनी सोलापुरी चादर दोन घड्या करून गुंडाळली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुल्फी हाय काय मावशी?" मी हो म्हटलं. त्याला कुठं वरणाची गोष्ट सांगत बसू.

आत्याबाई दारातच. "शिळं घालतीस व्हय बाळंतिणीला?" त्यांना मी खोकं उघडून दाखवलं, अळिवाचे लाडू सोडले तर बाळंतिणीचं यात काही नाही, हे तुमचं आहे, तुमच्या लेकाचं आहे. "मग आम्ही शिळं खायचं व्हय?" याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, कडक भाकरीचं, पण ऐंशीच्या माणसाशी वाद जिंकून काय मिळवायचं? मी गपचूप शेंगोळीचं पाकीट काढलं, लसूण ठेचला, फोडणी दिली. त्यांनी ताट चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." आमच्या घरात यापुढची पावती कुणाला मिळालेली नाही.

जावेचं वागणं मला तेव्हा कळलं नाही. तिनं खोकं बघितलं, "कशाला एवढा त्रास अक्का" म्हणाली, सगळं फ्रीजरमध्ये नीट लावलं. पण तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काहीतरी वेगळं होतं. आपलं स्वयंपाकघर उणं पडलं म्हणून कुणीतरी भरायला आलं, असं काहीसं. मी तिच्या जागी असते तर मलाही लागलंच असतं. मदत करणाऱ्याला आपण किती चांगले याची एक ऊब मिळते, आणि ती ऊब ज्याला मदत होते त्याच्या अंगाला चटका देते. त्या पाकिटांचं तिनं केलं काय, तर ती पाहुण्यांसाठी राखून ठेवली. अचानक चार माणसं आली की वड्या परतायच्या, वरणाला फोडणी द्यायची, पोळ्या टाकायच्या. सगळे म्हणायचे, काय बाई हुरूप, बाळंतपणाच्या घरात एवढा साग्रसंगीत बेत! आणि ती स्वतः तीन वाजता ओट्याशी उभीच. हे मला पुतणीनं फोनवर सांगितलं तेव्हा आधी राग आला आणि मग हसू आलं. बाईच्या वाट्याला सवड द्यावी, तर ती त्या सवडीत आणखी चार माणसांना जेवायला बोलावते.

हे मोडलं ते जावईबापूंनी, तेही अजाणता. शनिवारी आले तेव्हा जाऊ बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती, पुतणी सोबत. घरात भुकेली पुरुष मंडळी आणि आत्याबाई. त्यांनी फ्रीजर उघडला, पाकिटावरचं वाचलं आणि मला फोन लावला. "मोठी आई, हे ओट्यावर वितळायला ठेवू का?" मी म्हटलं, मुळीच नाही, सोलापूर आहे हे. बाहेर ठेवलं तर कडेनं तापेल आणि मध्ये दगड राहील. पातेल्यात वाटीभर पाणी उकळा, त्यात तसंच टाका, झाकण ठेवा, चांगली खळखळून उकळी येऊ द्या. उरलं तर पुन्हा फ्रीजरमध्ये नाही. "आणि फोडणी?" तेल तापवा. मोहरी घाला. तडतडली की सांगा. फोनवर मला ती तडतड ऐकू आली आणि पाठोपाठ "अरे बापरे" असा आवाज. मग जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन लाल मिरच्या. जाऊ घरी आली तेव्हा ताटं मांडलेली होती, पोळ्यांवर काळे डाग पडलेले होते, आणि तिला पाटावर बसवून जावयानं वाढलं. जावयाच्या हातचं खायचं म्हणून ती इतकी संकोचली की दोन घास कमीच खाल्ले, असं पुतणी सांगत होती. पण बसून खाल्ले.

तेव्हापासून मी जरा उलटसुलट विचार करते आहे. संपूर्ण स्वयंपाक करायला हात तयार लागतो, तो नसेल तर माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकतो. गोठवलेली डाळ त्याला अर्ध्या वाटेवर उभी करून ठेवते, पुढचं अंतर त्याला झेपतं. एवढी गोष्ट खरी. पण ती पहिली अर्धी वाट त्या रविवारी मीच चालले होते, पहाटेपासून, कंबरेला हात लावून. फ्रीजरनं बाईचं काम संपवलं नाही. एका घरातून दुसऱ्या घरात आणि बुधवारातून रविवारात ढकललं, इतकंच. आमच्या ह्यांच्या हातातला डाव आठवतो आणि वाटतं, की ढवळण्याऐवजी डाळ धुण्यापासून द्यायला हवं होतं.

वीज गेली की पुतणीचा जीव फ्रीजरमध्ये अडकतो. तिला मी सांगितलं, दार उघडून बघत बसू नका. गच्च भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर दोन दिवससुद्धा थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला एक दिवस. भारनियमनाच्या वर्षांत आम्ही हेच करायचो, फक्त तेव्हा मुलं बर्फाच्या कांड्या बघायला दर दहा मिनिटांनी दार उघडायची आणि मार खायची.

आता त्या फ्रीजरवर नवाच दावा आला आहे. 26 आठवड्यांची रजा संपली की पुतणीला ऑफिस. तिनं पंप आणलाय आणि अंगावरचं दूध साठवायची तयारी आत्तापासून चालू केली आहे. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, ताजं काढलेलं दूध खोलीत चार तास, तेही खोली 25 अंशांच्या आत असेल तर, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिने उत्तम. खोली 25 अंशांच्या आत, हे ऐकून जाऊ कूलरकडे बघायला लागली. दुधाच्या पिशव्या मागच्या बाजूला ठेवायच्या, दाराशी नाही, आणि त्यासाठी वड्या आणि थालीपीठं हलवायची, यावर मायलेकींची रोज हुज्जत. आत्याबाईंनी हे ऐकून दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं. आईचं दूध बर्फात, यापुढे शेंगोळी म्हणजे काहीच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तापवून देणार का तसंच गार?" कोमट पाण्यात बाटली धरून, असं पुतणीनं सांगितलं. "मग हरकत नाही," म्हणाल्या.

दिवाळीच्या सुमारास माझ्या भाच्याकडे बाळ येणार आहे. सुनेचं माहेर लांब, तिची आई आजारी, त्यामुळे बाळंतपण सासरीच होणार. भाच्यानं फोन करून मोठ्या तोंडानं विचारलं, "मावशी, तू ते फ्रीजरचं आमच्याकडेही करशील ना?" करीन म्हटलं. पण त्याचा फ्रीज एका दाराचा, वरच्या कप्प्यात बर्फाचा हा एवढा थर, तिथं वजा अठरा कुठून येणार? त्याला म्हटलं, आधी तो बर्फ वितळव, कप्पा पुसून काढ, आणि जमलं तर शेजाऱ्यांच्या मोठ्या फ्रीजरमध्ये एक कप्पा माग. मग रविवारी पहाटे सहाला माझ्याकडे ये. येताना तूरडाळ, मटकी आणि हुलगे घेऊन ये, आणि शनिवारी रात्री मटकी तूच भिजवायची आहेस, सुनेला सांगायचं नाही. तो म्हणाला, "सहाला?" मी म्हटलं, साडेपाच चालेल तुला?